सिप्रियन यांचा एक परिच्छेद आणि रोमच्या अग्रत्वाचा प्रश्न

कॅथलिक धर्मसिद्धांताच्या इतिहासाचे विवेचन बहुधा निकिया (इ. स. ३२५) येथील धर्मपरिषदेपासून सुरू होते. तथापि ख्रिस्ती धर्माला राजाश्रय नव्हता, त्या काळात बिशपांनी प्रत्यक्ष अडचणींतून लिहिलेल्या पत्रांत व लहान ग्रंथांत या सिद्धांताची मुळे अधिक स्पष्ट दिसतात. उत्तर आफ्रिकेतील कार्थेजचे (आजच्या ट्युनिशियातील) बिशप सिप्रियन यांचे लेखन हे याचे ठळक उदाहरण होय.

सिप्रियन मूळचे वक्तृत्वशास्त्राचे जाणकार. प्रौढ वयात ख्रिस्ती झाल्यावर अवघ्या काही वर्षांत, इ. स. २४८-४९ च्या सुमारास, ते बिशप झाले. लगेचच सम्राट डेशियसने प्रजेने देवतांना बळी अर्पण करावा व तसा दाखला घ्यावा, असा हुकूम काढला. असे चाळीसहून अधिक दाखले इजिप्तमधील पपायरसांवर आजही उपलब्ध आहेत. कार्थेजमध्ये अनेक ख्रिस्ती लोकांनी बळी दिला. काहींनी बळी न देता पैसे देऊन केवळ दाखला मिळविला. सिप्रियन स्वतः अज्ञातवासात गेले. त्यांच्या विरोधकांनी याचा पुढे पुरेपूर उपयोग केला आणि तो टाळता येण्यासारखाही नव्हता.

छळ ओसरल्यावर श्रद्धेपासून ढळलेले हे लोक परत येऊ लागले. तुरुंगवास सोसलेले श्रद्धावंत त्यांना शिफारसपत्रे देत आणि तेवढ्यावर त्यांना पुन्हा सामावून घ्यावे, असा आग्रह धरीत. ज्यांनी यातना सोसल्या त्यांचा शब्द मोठा, की अज्ञातवासात राहिलेल्या बिशपाचा? सिप्रियन यांनी निर्णयाचा अधिकार बिशपांचाच असल्याचे ठामपणे मांडले. इ. स. २५१ च्या कार्थेज येथील परिषदेने केवळ दाखला घेणाऱ्यांना चौकशीअंती प्रवेश दिला. प्रत्यक्ष बळी देणाऱ्यांना मात्र दीर्घ प्रायश्चित्त सांगून मृत्युशय्येवरच क्षमेची आशा ठेवली. पुढे नव्या छळाची चाहूल लागताच हा नियम सैल करण्यात आला. प्रायश्चित्ताची शिस्त अशी गरजेनुसार घडत गेली.

याच सुमारास रोममध्ये कॉर्नेलियस यांच्या निवडीला आव्हान देऊन नोव्हेशियन याने स्वतंत्र गट उभा केला. या फुटीच्या पार्श्वभूमीवर सिप्रियन यांनी ख्रिस्तसभेच्या ऐक्यावर ग्रंथ लिहिला. त्याच्या चौथ्या प्रकरणाचे दोन पाठ हस्तलिखितांत आढळतात. एका पाठात पेत्राचे अग्रत्व व पेत्राचे आसन यांचा स्पष्ट उल्लेख आहे. दुसऱ्यात तो नाही, सर्व प्रेषितांचा अधिकार समान असून पेत्र हे ऐक्याचे केवळ आरंभस्थान आहे. सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेनंतर या परिच्छेदावर दीर्घकाळ वाद झाला. पहिला पाठ रोमच्या समर्थकांनी घुसडला, असा आरोप झाला. इ. स. १९०२ मध्ये जॉन चॅपमन यांनी दोन्ही पाठ सिप्रियन यांचेच असल्याचे सुचविले. मॉरिस बेव्हेनो यांच्या हस्तलिखितांच्या अभ्यासाने (१९३८) या मताला बळ मिळाले. आज बहुसंख्य अभ्यासक दुसरा पाठ हा लेखकाने स्वतः केलेला फेरबदल मानतात.

हा फेरबदल कशामुळे झाला असावा? इ. स. २५५-५६ मध्ये फुटीर गटांत झालेला बाप्तिस्मा ग्राह्य मानावा काय, यावर रोमचे बिशप स्टीफन व सिप्रियन यांच्यात तीव्र मतभेद झाले. स्टीफन यांच्या मते हस्तस्थापना पुरेशी होती, तर सिप्रियन यांच्या मते ख्रिस्तसभेबाहेर बाप्तिस्माच नाही. सप्टेंबर २५६ मध्ये ८७ बिशपांचा कौल सिप्रियन यांच्या बाजूने पडला. कोणी कोणावर बिशपांचा बिशप म्हणून हुकूम चालवू नये, असेही त्यांनी त्या वेळी सूचित केले. 'पेत्राचे आसन' हे शब्द त्यांनी बहुधा प्रत्येक बिशपाच्या पीठासाठी योजले होते. रोम ते आपल्यापुरतेच घेत आहे, असे दिसताच त्यांना ते बदलावेसे वाटले असावे. पुढील सिद्धांताच्या चष्म्यातून पहिला पाठ वाचणे म्हणूनच धोक्याचे ठरते.

हा वाद मिटण्यापूर्वीच स्टीफन यांचे इ. स. २५७ मध्ये निधन झाले आणि १४ सप्टेंबर २५८ रोजी सिप्रियन यांचा शिरच्छेद झाला. बाप्तिस्म्याचा निकाल मात्र रोमच्या बाजूने लागला. आर्ल येथील परिषदेने (इ. स. ३१४) त्रैक्याच्या नावाने झालेला बाप्तिस्मा पुन्हा देऊ नये, असे ठरविले. डोनाटस पंथीयांनी सिप्रियन यांचाच आधार घेतला, तेव्हा ऑगस्टीन यांना इ. स. ४०० च्या सुमारास मोठी कसरत करावी लागली. सिप्रियन यांचे मत चुकले, पण त्यांनी ऐक्य मोडले नाही, अशी मांडणी त्यांनी केली. रोमच्या प्राचीन मिस्सा-प्रार्थनेतील हुतात्म्यांच्या नामावलीत कॉर्नेलियस यांच्या शेजारी सिप्रियन यांचे नाव आहे. ज्यांचा निर्णय टिकला त्या पोप स्टीफन यांचे नाव तेथे नाही.