परवान्यावरचे नाव : केप टाउनच्या कोकणी मुस्लिम कुटुंबांचा समुद्रप्रवास

आपल्या बालाघाटकडे 'जहाज' म्हटले की वडीलधाऱ्यांना हजचे जहाज आठवते. छोट्या गाडीने गोंदिया, तेथून मुंबई, मुसाफिरखान्यातला मुक्काम आणि मग जिद्दा. 1995 नंतर हा समुद्रमार्ग बंद झाला. त्या प्रवासात गेलेला हाजी परत येणार हे गृहीत असे. प्रस्तुत लेखात ज्या प्रवासाचा विचार केला आहे, त्यात मात्र माणसाचे घर समुद्राच्या दोन्ही बाजूंना होते आणि कोणत्या बाजूचे दार केव्हा बंद होईल हे तो स्वतः ठरवू शकत नव्हता.

दक्षिण आफ्रिकेतील भारतीयांचा इतिहास सामान्यतः दोन खणांत मांडला जातो. 1860 पासून नाताळच्या उसाच्या मळ्यांवर गेलेले करारबद्ध मजूर हा एक खण. स्वखर्चाने तिकीट काढून गेलेले 'पॅसेंजर' भारतीय हा दुसरा. पॅसेंजर म्हणजे गुजराती व्यापारी, अशी समजूत रूढ आहे. इतिहासकार उमा धुपेलिया-मेस्त्री (त्या गांधीजींच्या पणती) यांनी 2009 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ही समजूत खोडून काढली. केप टाउनच्या पॅसेंजरांत कष्टकरी, फेरीवाले आणि दुकानांतले नोकर मोठ्या संख्येने होते व त्यांत रत्नागिरीकडचे मुस्लिम होते. तेथे हा समाज आजही 'कोकणी' याच नावाने ओळखला जातो.

अशा कुटुंबांच्या आठवणींत जहाज फार ठळक असते. गावाहून मुंबईपर्यंत किनाऱ्याची बोट, आणि हा पहिला टप्पाही निर्धोक नव्हता. 17 जुलै 1947 रोजी 'रामदास' बोट रेवसजवळ बुडून सहाशेहून अधिक माणसे दगावली. पुढे ब्रिटिश इंडिया कंपनीची आगबोट. 1947-48 मध्ये या मार्गावर आलेल्या 'कंपाला' आणि 'करंजा' ही नावे पुष्कळ घरांत परिचित आहेत. (वऱ्हाडातल्या वाचकाला दुसरे नाव आपल्याच गावाचे वाटेल.) सेशेल्स, मोंबासा, झांझिबार, दार-ए-सलाम, बैरा, लोरेन्सो मार्किस अशी बंदरे घेत डरबानपर्यंत सुमारे तीन आठवडे लागत. डेकच्या उतारूने आपली वळकटी आपणच न्यायची. डरबानहून केप टाउन आणखी दीड हजार किलोमीटरहून दूर.

परंतु या प्रवासाचे खरे नियंत्रण कप्तानाकडे नव्हते. केप वसाहतीच्या 1906 च्या कायद्यानुसार गावी जाणाऱ्या भारतीयाला ठरावीक मुदतीचा परवाना घ्यावा लागे. त्यावर छायाचित्र आणि अंगठ्याचा ठसा. मुदत चुकली तर परतीचा हक्क धोक्यात. 1913 च्या मार्चमध्ये न्यायमूर्ती सर्ल यांनी बाई मरियम यांच्या प्रकरणात, बहुपत्नीत्वाला मुभा देणाऱ्या धर्माप्रमाणे झालेला विवाह केपमध्ये ग्राह्य धरता येणार नाही असा निर्णय दिला. म्हणजे निकाह झालेली पत्नी बंदरावर पत्नी उरली नाही. त्यावर सत्याग्रह झाला व 1914 च्या कायद्याने एक पत्नी आणि तिची अल्पवयीन मुले यांना प्रवेश मिळाला. 1927 च्या कायद्याने तीन वर्षे सलग बाहेर राहणाऱ्याचा रहिवास संपुष्टात येऊ लागला. 1953 मध्ये तर भारतातून पत्नी व मुले आणण्यासच बंदी घालण्यात आली.

मुलगा सोळा वर्षांखालील असेल तरच प्रवेश, हा नियम येथे विशेष महत्त्वाचा आहे. त्यामुळे वये कमी सांगितली गेली. पुतण्या, भाचा किंवा शेजाऱ्याचा पोरही 'मुलगा' म्हणून कागदावर चढला. अधिकाऱ्यांनी बापलेकांच्या उलटतपासण्या घेतल्या. धुपेलिया-मेस्त्री यांनी 2014 मध्ये या 'खोट्या बाप-लेकां'वर स्वतंत्र लेख लिहिला आहे. बाहेरच्या वाचकाला ही केवळ कायद्याला दिलेली हुलकावणी वाटेल. मुस्लिम कुटुंबात ती तेवढीच राहत नाही. मुलांना त्यांच्या जन्मदात्या पित्याच्याच नावाने संबोधावे, असा सूरह अल-अहजाबमध्ये आदेश आहे. वारसा, विवाहाची बंधने, सारे नसबवर उभे आहे. पोटासाठी काकाला बाप लिहिणाऱ्या पोराने ते नाव पुढे दुकानाच्या पाटीवर आणि स्वतःच्या मुलांच्या दाखल्यावरही वागवले. घरात खरे नाते ठाऊक, कागदावर दुसरेच.

जहाजाच्या गोष्टी भरपूर आणि परवान्याच्या गोष्टी तोकड्या असण्याचे कारण, माझ्या मते, येथे सापडते. समुद्र लागल्याची, उलट्यांची, मोंबासाला उतरून गेलेल्या सोबत्याची हकीकत नातवंडांसमोर निर्धास्त सांगता येते. कागदाची हकीकत सांगितली तर कोणाचा तरी बाप बदलतो. गमतीचा भाग असा की, संशयापोटी काढलेली ती छायाचित्रे केप टाउनच्या अभिलेखागारात जपली गेली. फोटो काढण्याची ऐपत नसलेल्या कित्येक घरांसाठी आजोबांचा तरुणपणीचा चेहरा फक्त तेथेच असू शकतो. मात्र खाली लिहिलेले नाव त्याचे असेलच असे नाही.

'कंपाला' 1971 मध्ये भंगारात गेली. 'करंजा' 1976 मध्ये भारताने घेतली व 'नानकौरी' या नावाने ती अंदमानकडे धावू लागली. त्या डेकवर बालपणी झोपलेली पिढी आता वृद्ध आहे. तिच्या मुलाखती घेणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनी जहाजाचे नाव विचारून झाल्यावर परवान्यावर नाव कोणाचे होते हेही विचारावे. उत्तर आले नाही, तर तो प्रश्न पुन्हा विचारू नये.