भौतिकोपचाराची संदर्भसाधने आणि भिवंडीचा यंत्रमाग

भौतिकोपचार, म्हणजे रूढ भाषेतील फिजिओथेरपी, या विषयाचे रीतसर शिक्षण मुंबईत सुरू झाल्याला सत्तर वर्षे उलटून गेली. या विषयाच्या संस्थांचा व व्यवसायाचा इतिहास सांगितला जातो. परंतु विद्यार्थ्याच्या हाती त्या विषयाचे वाङ्मय कोणत्या मार्गाने येत गेले, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. वस्तुतः तो गौण नाही. संदर्भसूची, विषयशीर्षके, संगणकीय कोश ही सारी साधने कोणीतरी, कोठेतरी, विशिष्ट गरजेपोटी घडविलेली असतात, आणि ज्या गरजेपोटी ती घडली तिची मर्यादा त्यांच्या उत्तरांतही उतरते. भिवंडीतील यंत्रमाग-कामगाराच्या कंबरदुखीसारखा साधा प्रश्न घेऊन या साधनांकडे गेल्यास ही मर्यादा ठळकपणे दिसते.

प्रथम मुंबईतील पूर्वपीठिका पाहणे इष्ट ठरेल. स्वातंत्र्याच्या सुमारास या विषयाला चालना मिळाली ती प्रामुख्याने पोलिओमुळे. स्वतःच्या कन्येला हा रोग झाल्यानंतर श्रीमती फातिमा इस्माइल यांनी १९४७ साली डॉ. बाळिगा यांच्या साहाय्याने मुंबईत पोलिओग्रस्त मुलांसाठी उपचारकेंद्र काढले. १९५० साली श्रीमती कमला निंबकर यांनी परळच्या राजे एडवर्ड स्मारक रुग्णालयात व्यवसायोपचाराची शाळा स्थापन केली. ती देशातील अशी पहिली शाळा होय. त्याच रुग्णालयात १९५२-५३ च्या सुमारास जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने भौतिकोपचाराची शाळा निघाली. १९५५ साली भारतीय भौतिकोपचारतज्ज्ञांची संघटना अस्तित्वात आली आणि त्याच वर्षी हाजी अली येथे अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेचा आरंभ झाला. अवघ्या आठ वर्षांत एक नवा व्यवसाय मुंबईत उभा राहिला.

या व्यवसायाला लागणारे वाङ्मय मात्र बहुतांशी परदेशांत प्रसिद्ध होत होते. इंग्लंडमधील तज्ज्ञांच्या संस्थेची परंपरा १८९४ पासूनची आणि अमेरिकेतील संस्थेची १९२१ पासूनची. दोहोंची नियतकालिके जुनी व प्रतिष्ठित होती. ती मुंबईतील वैद्यकीय महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत आली तरी त्यांतील नेमका लेख शोधण्यासाठी निर्देशसूचीची आवश्यकता होती. वैद्यकाची सर्वांत प्रसिद्ध निर्देशसूची ‘इंडेक्स मेडिकस’ ही जॉन शॉ बिलिंग्ज यांनी १८७९ साली अमेरिकेत सुरू केली होती. तिची रचना वैद्य व शल्यवैद्य यांच्या गरजांनुसार झालेली असल्याने व्यायाम, मर्दन, पुनर्वसन यांवरील लेख तिच्यात निरनिराळ्या रोगांच्या शीर्षकांखाली विखुरलेले असत. परिचर्येच्या वाङ्मयाची स्वतंत्र सूची १९६१ साली निघाली. परंतु भौतिकोपचारासह इतर संलग्न आरोग्यशाखांचा अंतर्भाव तिच्या नावात १९७७ साली झाला. आज ‘सिनाल’ म्हणून ओळखली जाते ती हीच सूची.

लेखाचा उल्लेख सापडणे ही पहिली पायरी. लेख मिळविणे ही दुसरी. या दुसऱ्या पायरीसाठी भारताने एक महत्त्वाची व्यवस्था केली होती. युनेस्कोच्या साहाय्याने १९५२ साली दिल्ली येथे ‘इन्सडॉक’ हे राष्ट्रीय प्रलेखन केंद्र स्थापन झाले. मागणी केल्यास लेखाची छायाप्रत, सूक्ष्मपट अथवा भाषांतर पुरविणे हे त्याचे कार्य होते. परळची शाळा आणि दिल्लीचे हे केंद्र यांचा आरंभ जवळजवळ एकाच काळातला. उपचाराचे शिक्षण व वाङ्मयाचा पुरवठा या दोन गरजा देशाला एकाच वेळी जाणवल्या होत्या, असे यावरून म्हणता येते.

पुढील परिवर्तन संगणकामुळे घडले. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने १९६० साली विषयशीर्षकांची प्रमाणित यादी सिद्ध केली, १९६४ साली सूचीकरण यंत्रावर आणले, १९७१ साली दूरस्थ शोधाची ‘मेडलाइन’ ही सेवा सुरू केली आणि १९९७ साली ‘पबमेड’ या रूपाने ती सर्वांस विनामूल्य खुली केली. आज तीत साडेतीन कोटींहून अधिक लेखांचे निर्देश आहेत. भौतिकोपचारापुरता स्वतंत्र कोश १९९९ साली सिडनी येथे तयार झाला. ‘पेड्रो’ या नावाने तो सर्वत्र परिचित आहे. यादृच्छिक नियंत्रित चाचण्या, पद्धतशीर समीक्षा व उपचारविषयक मार्गदर्शिका अशा साठ हजारांहून अधिक लेखांची त्यात नोंद असून प्रत्येक चाचणीची प्रत अकरा कसोट्यांवर तपासली जाते. पहिली कसोटी गुणांत धरली जात नसल्यामुळे गुण दहापैकी दिले जातात. परळच्या शाळेतील पहिल्या विद्यार्थ्यांना ज्याची कल्पनाही करता आली नसती, ते साधन आज भिवंडीतील विद्यार्थ्याला घरबसल्या आणि मोफत उपलब्ध आहे.

तथापि साधन हाती असणे व त्यातून उत्तर मिळणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. भिवंडीचा प्रश्न येथे कसोटीला लावता येतो. १८५७ नंतर उत्तर भारतातून आलेल्या मोमीन विणकरांनी या गावात हातमागाचा धंदा वाढविला. १९३० नंतरच्या दशकात यंत्रमाग आले. १९८२ च्या मुंबईतील गिरणी संपानंतर या धंद्याचा विस्तार अधिकच झाला. येथील साध्या यंत्रमागावरचा कामगार उभ्याने काम करतो. एकाच वेळी अनेक मागांवर लक्ष ठेवीत तो त्यांच्यामधील अरुंद वाटेतून फिरत असतो, धोट्यातील संपलेली कांडी बदलतो, ताण्याचा तुटलेला धागा सांधण्यासाठी मागावर ओणवा होतो. बारा तासांची पाळी या धंद्यात रूढ आहे. अशा कामगाराची कंबर, मान व खांदे यांवर कोणता ताण येतो आणि त्यावर कोणता व्यायाम उपयोगी पडतो, हा भौतिकोपचाराच्या विद्यार्थ्याने हाती घ्यावा असाच प्रश्न आहे.

हा प्रश्न घेऊन तो पेड्रोकडे गेला तर त्याला व्यायामाच्या चाचण्या मिळतील. कामगारांत दुखण्याचे प्रमाण किती, याची पाहणी मिळणार नाही, कारण पाहण्यांची नोंद करणे हे त्या कोशाचे कार्यच नव्हे. येथे निष्कर्ष काढण्याची घाई घातक ठरते. कोशात लेख नाही एवढ्यावरून विषयावर संशोधन झालेले नाही, असे मानून अनेक प्रबंधांची प्रस्तावना लिहिली जाते. पबमेडमध्ये अशा पाहण्या नोंदविल्या जातात. परंतु यंत्रमागासाठी तेथे स्वतंत्र विषयशीर्षक नाही. ‘टेक्स्टाइल इंडस्ट्री’ हे व्यापक शीर्षक, ‘ऑक्युपेशनल डिसीझेस’ व ‘लो बॅक पेन’ ही शीर्षके यांची सांगड घालावी लागते. शिवाय भारतीय लेखक ‘पॉवरलूम’ हा शब्द पुष्कळदा जोडून लिहितात, तर अन्यत्र ‘पॉवर लूम’ असे दोन शब्द होतात. दोन्ही रूपांनी शोध न घेतल्यास हाताशी असलेले लेखही निसटतात.

केवळ ‘विणकर’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दाने शोध घेतल्यास निराळीच अडचण उद्भवते. इराणमधील गालिचे विणणाऱ्या कामगारांवर बरेच संशोधन झाले आहे आणि भारतातील हातमाग-विणकरांवरही लेख आहेत. ते विद्यार्थ्याच्या पुढ्यात प्रथम येतात. परंतु हे विणकर बसून काम करतात. भिवंडीचा कामगार उभा राहून व चालत. एकाच नावाच्या व्यवसायात शरीराची स्थिती मूलतः वेगळी असल्याने एकावरील निष्कर्ष दुसऱ्यास लावता येत नाहीत. हा भेद कोणताही कोश दाखवून देत नाही. तो ज्याने मागाशेजारी उभे राहून काम पाहिले आहे त्यालाच दिसतो.

ग्रंथालयातील मांडणीतही असाच विखुरलेपणा आढळतो. ड्यूई दशांश पद्धतीने लावलेल्या ग्रंथालयात भौतिकोपचाराचे ग्रंथ ६१५.८२ या अंकाखाली, अस्थि-स्नायूंच्या रोगांचे ६१६.७ खाली, औद्योगिक आरोग्याचे ६१३.६२ खाली, मनुष्य व यंत्र यांच्या मेळाचे ६२०.८२ खाली, तर वस्त्रोद्योगाचे ६७७ खाली असतात. विणकराच्या एका कंबरेसाठी विद्यार्थ्याला पाच कपाटांपुढे उभे राहावे लागते. गावाच्या व धंद्याच्या इतिहासासाठी सहावे कपाटही आहे : १८८२ साली प्रसिद्ध झालेले ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियर व त्याच्या पुढील आवृत्त्या. वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात हे सारे एकत्र मिळण्याचा संभव कमी. त्यासाठी सार्वजनिक व विद्यापीठीय ग्रंथालयांची पायरी चढणे अपरिहार्य ठरते.

मापनसाधनांबाबत मात्र स्थिती आशादायक आहे. कामगारांच्या स्नायुदुखीची पाहणी करण्यासाठी १९८७ साली प्रसिद्ध झालेली ‘नॉर्डिक’ प्रश्नावली जगभर वापरली जाते. कंबरदुखीने येणारे असामर्थ्य मोजणारी ‘ऑस्वेस्ट्री’ प्रश्नावली १९८० सालची. तिच्या मराठी रूपाची विश्वसनीयता तपासणारा लेख २०१३ साली ‘स्पाइन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. प्रश्नावलीच्या नावाशेजारी ‘मराठी’ हा शब्द टाकून शोध घेतल्यास असे लेख सापडतात. भिवंडीत मराठीबरोबर उर्दू, हिंदी व तेलुगू बोलणारे कामगार असल्याने या चारही भाषांच्या नावांनी शोध घेणे योग्य होय. विद्यार्थ्याने स्वतःच्या हाताने केलेले घाईचे भाषांतर वापरल्यास त्याच्या आकड्यांची तुलना इतरांच्या आकड्यांशी करता येत नाही.

आता पूर्ण लेख मिळविण्याचा प्रश्न. इन्सडॉकच्या काळी अडचण टपालाची व विलंबाची होती. आज ती वर्गणीची आहे. २००० साली सुरू झालेल्या ‘पबमेड सेंट्रल’मध्ये लाखो लेख पूर्णरूपाने विनामूल्य वाचता येतात, आणि औद्योगिक आरोग्यावरील भारतीय नियतकालिकातील लेखही त्यांत आहेत. शासकीय वैद्यकीय संस्थांसाठी राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने २००८ साली सामुदायिक वर्गणीची योजना आखली. केंद्र शासनाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी ‘एक राष्ट्र एक वर्गणी’ ही योजना मंजूर केली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद करून सुमारे १३,००० नियतकालिके ६,३०० संस्थांना उपलब्ध करण्याचे तिच्यात ठरले. ही योजना मोठी आहे यात शंका नाही. परंतु तिचा पहिला टप्पा शासकीय संस्थांपुरता आहे आणि महाराष्ट्रातील भौतिकोपचाराची बहुसंख्य महाविद्यालये खासगी आहेत. एकाच विद्यापीठाची एकच परीक्षा देणाऱ्या दोन विद्यार्थ्यांपैकी एकाला लेख वाचता यावा व दुसऱ्याला केवळ त्याचा सारांश, ही विषमता त्यामुळे शिल्लक राहते.

याहून गंभीर उणीव निराळी आहे. आतापर्यंत वर्णिलेली प्रत्येक साधनव्यवस्था बाहेर छापलेले वाङ्मय आत आणण्यासाठी निर्माण झाली. येथे निर्माण झालेल्या ज्ञानाची नोंद ठेवण्याची व्यवस्था तितकी दृढ झाली नाही. पदव्युत्तर विद्यार्थी आपल्या परिसरातील कामगार, हमाल, शेतकरी, गृहिणी यांच्यावर प्रबंध लिहितात. ते तपासले जातात, बांधले जातात व महाविद्यालयाच्या कपाटात ठेवले जातात. ‘शोधगंगा’ हा राष्ट्रीय संग्रह मुख्यतः विद्यावाचस्पती पदवीच्या प्रबंधांचा असल्याने पदव्युत्तर पदवीचे हे प्रबंध त्याच्या कक्षेबाहेर राहतात. त्यांचा माग काढण्याचा एक आडमार्ग आहे. २००७ साली सुरू झालेल्या भारतीय चिकित्सालयीन चाचणी नोंदणीत, चाचणी पदव्युत्तर प्रबंधासाठी आहे किंवा कसे, याची नोंद केली जाते. संस्थेचे अथवा गावाचे नाव घालून तेथे शोध घेतल्यास छापून न आलेल्या कामाचाही सुगावा लागू शकतो. पण हा मार्ग उपचारांच्या चाचण्यांसाठी उपयोगी. साध्या पाहणीचा प्रबंध बहुधा कपाटातच राहतो.

त्याचा परिणाम असा होतो, की दर काही वर्षांनी नवा विद्यार्थी तीच पाहणी पुन्हा करतो आणि पूर्वी असे संशोधन झाल्याचे आढळत नाही असे लिहितो. कामगार पुन्हा तीच प्रश्नावली भरून देतो. त्याच्या वेळेचा व विश्वासाचा हा अपव्यय आहे; कारण बारा तासांच्या पाळीतून काढलेली ती वीस मिनिटे त्याने काही उपाय निघेल या अपेक्षेने दिलेली असतात.

यावरील उपाय महागडा नाही. प्रत्येक महाविद्यालयाने आपल्या प्रबंधांची यादी, व्यवसाय, गाव, अवयव व वर्ष या चार शीर्षकांनी, इंग्रजी व मराठी दोन्ही भाषांत प्रसिद्ध करावी आणि प्रबंधाचा सारांश तिला जोडावा. बिलिंग्ज यांनी १८७९ साली जे केले त्याहून हे काम फारच लहान आहे. ते झाल्यास भिवंडीच्या यंत्रमागावरील पुढील अभ्यासाला मागील अभ्यास जेथे थांबला तेथून पुढे जाता येईल आणि प्रमाण किती या प्रश्नाकडून उपाय कोणता या प्रश्नाकडे वळता येईल.