रावसाहेबांचं मराठी

आईचं माहेर बेळगाव, आमचं घर बंगळूरला. सुट्टीत पुण्याला गेले की मी तोंड उघडायचा अवकाश, मावसभाऊ ओरडायचे, "आले रावसाहेब!" मी 'खुर्ची मोडला' म्हटलेलं असायचं. कन्नडमध्ये निर्जीव वस्तूंना पुल्लिंग-स्त्रीलिंग नाही. खुर्ची, टेबल, घर सगळी एकाच पंगतीला. तिथून मराठीत येणाऱ्याला पहिली ठेच हीच लागते.

रावसाहेब म्हणजे पु. ल. देशपांड्यांच्या 'गणगोत'मधले (१९६६) बेळगावचे कृष्णराव हरिहर. पु. ल. मुंबईचे, जन्म १९१९चा. काही काळ बेळगावच्या राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवत होते. १९५३ साली 'गुळाचा गणपती'त लेखन, दिग्दर्शन, संगीत, अभिनय असं सबकुछ करून सिनेमा जवळजवळ सोडला आणि साठच्या दशकाच्या सुरुवातीला 'बटाट्याची चाळ' घेऊन एकटे रंगमंचावर उभे राहिले. आज बंगळूरच्या कॅफेत पोरं स्टँडअप करतात ती बहुतेक स्वतःबद्दल बोलतात. पु. लं.च्या तोंडून अख्खी चाळ बोलायची. घराणं बहुरूप्याचं, कीर्तनकाराचं.

त्यांचा कान उच्चारांवर होता. पुढे शॉच्या 'पिग्मॅलियन'वरून त्यांनी 'ती फुलराणी' (१९७५) लिहिलं. तिथे मुलीची भाषा शिकवून शिकवून 'सुधारली' जाते. रावसाहेबांना मात्र कुणी दुरुस्त करत नाही. कानडी हेल, चुकलेली लिंगं, शिव्या, सगळं तसंच राहतं, आणि माणूस मोठाच होत जातो. मला हे धाडसाचं वाटतं, कारण काळ बघा. बेळगाव १९५६ला म्हैसूर राज्यात गेलं होतं, आणि 'गणगोत' आलं त्याच वर्षी सीमाप्रश्नावर महाजन आयोग नेमला गेला. प्रत्येकाला 'तू कुणाचा?' विचारलं जात असताना हा गृहस्थ एकाच वाक्यात दोन्हीकडचा होता. (मावसभावांनी हे कधी ऐकलं नव्हतं, त्यांना फक्त हेल ऐकू आला.)

गेल्या वर्षी मी रावसाहेबांचं कन्नड करायला बसले. पहिल्याच पानावर अडले. मराठीतलं कानडीपण कन्नडमध्ये नेलं की विरघळूनच जातं. मग उलटं करून पाहिलं: रावसाहेब बेळगावकडच्या, मराठी मिसळलेल्या कन्नडमध्ये बोलू लागले. पण इथे दुसरीच अडचण. बंगळूरच्या प्रेक्षकाला उत्तर कर्नाटकाची बोली म्हटली की सिनेमातला विनोदी गडी आठवतो. म्हणजे पुन्हा तेच पुणं, फक्त कन्नडमधलं.

वरच्या मजल्यावर धारवाडच्या एक आजी राहतात. त्यांना मराठी समजतं, बोलता येत नाही. पु. लं.च्या आवाजातलं ध्वनिमुद्रण त्यांना ऐकवलं. खूप हसल्या, मग पदरानं डोळे पुसले आणि म्हणाल्या, "हे आमच्या काकांसारखं बोलतंय की." कन्नडमध्येच म्हणाल्या. ते वाक्य मी मसुद्याच्या समासात लिहून ठेवलंय. पहिलं पान अजून तिथेच आहे.