मैदानावरील सूत्रधार

अंबरनाथचे शिवमंदिर शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० मधले. शिलालेखामुळे शिलाहार राजा माम्वाणी याचे नाव त्याच्याशी कायमचे जोडले गेले. परंतु वालधुनीच्या काठी तो पाषाण ज्यांनी कोरला, त्यांच्या हातांना वळण लावणारे गुरू कोण होते, हे आज कोणासही सांगता येत नाही. कर्त्याचे नाव राहते, शिकविणाऱ्याचे पुसले जाते, हा जगाचा जुनाच न्याय आहे. क्रीडांगणही त्याला अपवाद नाही. तथापि आपल्या महाराष्ट्रातील एका खेळाडूने हा न्याय थोडासा का होईना, फिरविला. त्यांचे नाव चंद्रकांत पंडित.

पंडित हे रमाकांत आचरेकरांचे शिष्य. आचरेकरांच्या वाट्याला स्वतः प्रथम श्रेणीचा एकच सामना आला, पण त्यांनी शिवाजी पार्कवर पिढ्या घडविल्या. पंडितांची मजल गुरूच्या पुढे गेली. यष्टिरक्षक व फलंदाज म्हणून ते १९८६ ते १९९२ या काळात भारतातर्फे पाच कसोटी सामने खेळले. पुढे मुंबई सोडून ते मध्य प्रदेशाकडे गेले. १९९९ साली त्यांच्या नेतृत्वाखाली तो संघ रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात पोहोचला. बंगळूरला कर्नाटकाविरुद्ध पहिल्या डावात ७५ धावांची आघाडी मिळाली होती. सामना अनिर्णित राखला असता तरी करंडक हाती येत होता. परंतु अखेरच्या दिवशी १५० धावांत डाव आटोपला आणि ९६ धावांनी पराभव झाला. हे शल्य त्यांच्या मनातून गेले नाही.

खेळ संपल्यावर त्यांनी शिकविणे हीच वृत्ती पत्करली. २००२-०३ व २००३-०४ अशी लागोपाठ दोन वर्षे, आणि पुन्हा २०१५-१६ मध्ये, मुंबईने त्यांच्या हाताखाली करंडक जिंकला. मुंबईला विजयाची सवयच होती, असे कोणी म्हणेल. म्हणून त्यांची खरी कसोटी विदर्भात लागली. १९५७ पासून खेळणाऱ्या या संघाने करंडकाचे स्वप्नही कधी धीटपणे पाहिले नव्हते. २०१७-१८ मध्ये त्याने इंदूरला दिल्लीस नमविले, आणि पुढच्याच वर्षी नागपुरास सौराष्ट्राला हरवून ते यश राखले. पहिला विजय दैवावर घालता येतो. दुसऱ्याचे श्रेय शिस्तीलाच द्यावे लागते.

ही शिस्त कडक होती. वेळ, वेष, आहार, सराव, कशातही सवलत नव्हती. पुढे कोलकात्याच्या व्यावसायिक संघात त्यांच्या करडेपणाविषयी एका परदेशी खेळाडूने उघड नाराजीही दर्शविली. ती अगदीच निराधार होती असे आम्ही म्हणणार नाही. नवख्याला जो धाक आधार वाटतो, तोच जाणत्याला जाच वाटू शकतो. तरीही त्याच संघाने २०२४ मध्ये अजिंक्यपद मिळविले, आणि २०२५ मध्ये पंडित तेथून निवृत्त झाले.

पण त्यांच्या चरित्राचा कळस २६ जून २०२२ रोजी झाला. मैदान तेच, बंगळूरचे. संघ तोच, मध्य प्रदेशाचा. प्रतिस्पर्धी मात्र त्यांचीच मुंबई. १०८ धावांचे लक्ष्य सहा गडी राखून गाठले गेले आणि त्या संघाला पहिलावहिला करंडक लाभला. तेवीस वर्षांपूर्वीचा पराभूत नायक डोळे पुसताना सर्वांनी पाहिला.

वेतन घेऊन शिकविणाऱ्यास गुरू म्हणावे काय, अशी शंका आपल्याकडील सुशिक्षित घरांतून अजून ऐकू येते. आम्हांस ती व्यर्थ वाटते. वेतनाने वेळ विकत घेता येतो. तेवीस वर्षे जपलेले शल्य घेता येत नाही. आपल्या हातून जे निसटले, ते दुसऱ्याच्या हाती देऊन ज्याला समाधान होते, त्याने पगार घेतला की नाही, हा प्रश्न गौण होय. पायथ्याचे दगड कोणी बसविले, हे कळसाकडे पाहणाऱ्याने एकदा तरी विचारावे, एवढेच आमचे म्हणणे.