नकार देणारे काय मानतात?

निहिलिझम म्हणजे कशातच काही अर्थ नाही असे मानणे, एवढ्या व्याख्येवर बहुतेकांचे भागते. पण ज्यांच्यावर हा शिक्का बसला, त्यांच्यात काहीच न मानणारा माणूस शोधूनही सापडणे अवघड. या विषयात नव्याने शिरणाऱ्या वाचकाने ही गंमत आधीच लक्षात ठेवावी.

तत्त्वज्ञानाच्या चर्चेत या शब्दाला वजन आले ते आरोप म्हणून. सगळे जग बुद्धीतूनच उभे करायला गेलात, तर बुद्धीबाहेर खरे असे काही उरणार नाही, ईश्वरही नाही, असे जर्मन विचारवंत याकोबीने 1799 मध्ये तत्त्वज्ञ फिख्टेला खुल्या पत्रात सुनावले. पुढे रशियन लेखक तुर्गेनेव्हच्या ‘पिता आणि पुत्र’ (1862) या कादंबरीने तो शब्द घरोघरी नेला. तिचा नायक बझारोव्ह कला, परंपरा, खानदानी शिष्टाचार सगळे झिडकारतो, आणि बेडूक चिरत बसतो. विज्ञानावरची त्याची श्रद्धा एखाद्या भाविकाला लाजवील! रशियातल्या काही तरुणांना हे आपले विडंबन वाटले. समीक्षक पिसारेव्हने मात्र बझारोव्हला आपला मानले. 1881 मध्ये झार दुसरा अलेक्झांडर याच्यावर बॉम्ब टाकणाऱ्यांनाही युरोपने निहिलिस्टच म्हटले. जनतेच्या उद्यासाठी फासावर जाणारी ही माणसे!

जर्मन तत्त्वज्ञ नीत्शेपाशी मात्र थांबावेच लागते. तो निहिलिझमचा प्रचारक नव्हे, निदान करणारा. त्याच्या मते हे दुखणे बाहेरून आले नाही. ख्रिस्ती नीतीने सत्यनिष्ठा शिकवली, आणि त्याच सत्यनिष्ठेने शेवटी त्या नीतीचा आधार तपासून तो पोकळ ठरवला. त्यानंतर कोणी थकून बसतो, कोणी जुने मोडून नव्या मूल्यांसाठी जागा करतो. नीत्शे या दोघांत स्पष्ट फरक करतो. ‘विल टू पॉवर’ मात्र जपून वाचावे: त्याच्या टिपणांतून इतरांनी जुळवलेले ते पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर, 1901 मध्ये निघाले.

आपल्याकडचा वाचक इथे बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाकडे वळेल, आणि वळावेही. पण सर्वनाशाचा आरोप त्याच्यावर प्रतिपक्षाने केला होता. ‘मूलमध्यमककारिके’च्या चोविसाव्या प्रकरणात तो त्याला उत्तर देतो. वस्तूंना स्वतंत्र स्वभाव नाही म्हणूनच दुःखनिरोधाचा मार्ग शक्य आहे, असे त्याचे म्हणणे.

नैतिक मूल्ये, ज्ञान, जगण्याचा हेतू यांतले नेमके काय नाकारले जात आहे, हे प्रत्येक वेळी वेगळे तपासावे लागते. सुरुवात कादंबरीपासून करावी. बझारोव्हशी वाद घालून झाला की नीत्शेची टिपणे उघडायला हरकत नाही.