भात्याने जगवलेली गाढवीण

मागच्या वेळी पोटाच्या ऑपरेशनवर बोललो, तेव्हा एका ताईने विचारलं होतं, "पूर्ण भूल देताना घशात नळी का घालतात? आपला श्वास आपल्याला घेता येत नाही का?" उत्तर शोधताना आम्ही थेट दक्षिण अमेरिकेच्या जंगलात पोचलो.

तिथले आदिवासी काही वेलींच्या साली उकळून काळा, चिकट अर्क काढत. त्याचं नाव क्युरारे. तो लावलेला बाण लागला की जनावराचे पाय गळत, मग श्वास थांबे. पण तेच मांस खाल्लं तर माणसाला काही होत नसे, कारण हे विष पोटातून अंगात फारसं भिनत नाही.

१८१४ साली लंडनमध्ये चार्ल्स वॉटरटन यांच्या प्रयोगात एका गाढविणीला हे विष टोचलं. दहा मिनिटांत ती मेल्यासारखी पडली. मग श्वासनळीला छेद देऊन तिच्या छातीत भात्याने हवा भरत राहिले. हो, लोहाराकडे असतो तसाच भाता! काही तासांनी विष उतरलं आणि बाई उठून उभ्या राहिल्या. पुढे पंचवीस वर्षं जगल्या. म्हणजे विषाने जीव घेतला नव्हता, श्वास ओढणारे स्नायू तेवढे थांबवले होते.

हे घडतं कुठे, ते फ्रान्सच्या क्लोद बर्नार यांनी बेडकांवर शोधलं. मज्जातंतू शाबूत, स्नायूही शाबूत. निरोप अडतो तो दोघांच्या सांध्यावर. मज्जातंतूच्या टोकातून ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन सुटतं आणि स्नायूवरच्या कुलपात चावीसारखं बसतं, हे पुढे कळलं. क्युरारे त्याच कुलपात अडकून बसतं, पण फिरत नाही.

१९४२ साली कॅनडात माँट्रियलला डॉ. हॅरॉल्ड ग्रिफिथ आणि डॉ. एनिड जॉन्सन यांनी ॲपेंडिक्सच्या ऑपरेशनात भुलीसोबत क्युरारे दिलं. या जॉन्सन बाई होत्या, हे मुद्दाम सांगतो. पोट सैल पडलं. त्याआधी त्यासाठी फार खोल, धोक्याची भूल द्यावी लागे.

पण क्युरारेने शुद्धही जाते का, यावर डॉक्टरांचंच एकमत नव्हतं. निपचित पडलेला माणूस सांगणार तरी कसा? अमेरिकेतल्या डॉ. स्कॉट स्मिथ यांनी झोपेचं औषध न घेता ते स्वतःला टोचून घेतलं. पापणीही हलेना, श्वास दुसऱ्यांनी दिला. नंतर त्यांनी सांगितलं, सगळं ऐकू येत होतं, दुखणंही कळत होतं. १९४७ साली ते छापून आलं.

म्हणून आज झोपेचं, वेदनेचं आणि स्नायू सैल करण्याचं औषध वेगवेगळं देतात, आणि भात्याच्या जागी यंत्र असतं. शेवटी उतारा देतात, चाव्या पुन्हा कुलपात बसू लागतात. मग नळी काढण्याआधी भूलतज्ज्ञ हाक मारतात, "ताई, डोळे उघडा, मान उचला बघू."