परीक्षेत नसलेला विषय

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या दोन परीक्षांना स्वतः बसला नसेल, तर भावंडांपैकी कोणीतरी बसलेलं असतंच, असं महाराष्ट्रातलं घर मला फारसं भेटलेलं नाही. शाळेच्या हॉलमधले बाक भिंतीला सरकवायचे, मधोमध स्टुलावर तांब्या, दोन वांगी आणि एक ठोकळा मांडायचा, आणि सभोवती पोरांनी मांडीवर फळी घेऊन बसायचं. मी इंटरमिजिएट दिली ती १९८३ साली, दारव्ह्याला. खेड्यातून सकाळच्या एस.टी.नं आलो होतो. वाटेत पावसानं कागदाची गुंडाळी भिजू नये म्हणून आईनं ती युरियाच्या रिकाम्या थैलीत घालून दिली होती. 'बी' श्रेणी मिळाली. घरात त्या प्रमाणपत्राला देवाच्या फोटोशेजारी जागा मिळाली.

दहावीनंतर बाबा मला घेऊन नागपूरला गेले. चित्रकलेच्या कॉलेजात चौकशी करायची होती. बाबांनी तिथं एकाला विचारलं, "हे शिकून पोरगं काय होते जी?" तो म्हणाला, "ड्रॉइंग मास्तर." बाबांना ते पटलं. मास्तर म्हणजे पगार. पण त्या वर्षी घरचा कापूस धड झाला नव्हता, आणि फीपेक्षा रंग, कागद आणि खोलीचं भाडं यांचाच आकडा मोठा निघाला. मी परत आलो आणि यवतमाळात एका पेंटरच्या हाताखाली दुकानांच्या पाट्या रंगवू लागलो. पुढं फ्लेक्स आले, तेव्हा एका छापखान्यात अक्षरजुळणीला लागलो. कलेचं माझं महाविद्यालयीन शिक्षण एवढंच, म्हणजे त्या एका दिवसाचं.

हे सगळं सांगायचं कारण एक वही आहे. शाळेतले आमचे चित्रकलेचे सर वारले, तेव्हा त्यांच्या मुलानं जुने कागद रद्दीत घालण्याआधी मला बोलावलं. त्यात सरांची आर्ट टीचर डिप्लोमाच्या वेळची 'कलेचा इतिहास' या विषयाची वही होती. सुंदर अक्षर, पण मजकूर कोणीतरी सांगितलेला आणि यांनी उतरवून घेतलेला. इजिप्त, ग्रीस, रोम, लिओनार्दो, मायकेलअँजेलो. अजिंठ्याला साडेतीन पानं. एकही चित्र नाही. वऱ्हाड हा शब्द कुठंच नाही. सरांनी आयुष्यभर आम्हाला वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन शिकवलं, पण या वहीतलं एक वाक्यही कधी सांगितलं नाही. सांगण्याची गरज नव्हती, कारण ते परीक्षेला नव्हतं. ते परीक्षेला का नव्हतं, या प्रश्नामागं मी गेली सोळा-सतरा वर्षं आहे.

उत्तर शोधताना आधी लंडनला जावं लागतं. १८५१च्या मोठ्या प्रदर्शनानंतर इंग्रजांच्या लक्षात आलं, की आपली यंत्रं उत्तम आहेत पण आपल्या मालावरची नक्षी फ्रेंचांपुढे फिकी पडते. मग सरकारनं कारागिरांना रेखाटन शिकवण्याचं खातं काढलं. त्याचा कारभार हेन्री कोल यांच्याकडे होता, आणि अभ्यासक्रम रिचर्ड रेडग्रेव्ह यांनी आखला. तेवीस पायऱ्यांचा. पहिल्या पायरीवर पट्टी आणि कंपास, मग छापील नमुन्यांवरून नक्कल, मग प्लास्टरच्या साच्यांवरून, आणि पार शेवटी नक्षीची रचना. हात सरळ चालला पाहिजे, रेघ स्वच्छ आली पाहिजे. ज्यानं ती नक्षी पहिल्यांदा काढली तो कोण होता आणि त्यानं ती का काढली, याला त्या पायऱ्यांत स्वतंत्र पायरी नव्हती. गिरणीला ते नको होतं. आपल्या शाळेतली कर्तव्यभूमिती आणि संकल्पचित्र यांचं कुळ तिथलं आहे. एका अर्थी दारव्ह्यातली वांगी साऊथ केन्सिंग्टनची होती, असं म्हटलं तर सर रागावले असते.

हिंदुस्थानात ही पद्धत कला-शाळांतून आली. मद्रासला १८५०, कलकत्त्याला १८५४, मुंबईला १८५७. मुंबईच्या शाळेला सर जमशेटजी जीजीभाईंनी एक लाख रुपयांची देणगी दिली होती. अफू आणि कापूस यांच्या चीनशी चाललेल्या व्यापारात त्यांनी संपत्ती कमावली होती. कापूस म्हटला की आम्हा यवतमाळकरांचे कान टवकारतात, पण त्यात वऱ्हाडचा किती होता याचा कागद माझ्याजवळ नाही, म्हणून तो मोह आवरतो.

या जे.जे.मध्ये एक गोष्ट मात्र अशी घडली, की जिच्यात हात आणि इतिहास एकत्र आले. शाळेतले शिक्षक जॉन ग्रिफिथ्स १८७२पासून सुमारे तेरा वर्षं, मधूनमधून खंड पडत, विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जात राहिले. लेण्यांतल्या भित्तिचित्रांच्या प्रती करायच्या होत्या. पेस्तनजी बमनजींसारखे तरुण त्यांच्यासोबत होते. त्या काळी अजिंठ्याला जाणं म्हणजे निजामाच्या मुलखातल्या रानात जाणं. वटवाघळांची घाण, काजळी, आणि आत इतका अंधार की भिंत दिसायला बाहेरून उजेड परतवून घ्यावा लागे. पण जो मुलगा एका बोधिसत्त्वाच्या हाताची रेघ आठवडाभर न्याहाळत बसला, त्याला कलेचा इतिहास वेगळा शिकवायची गरज उरली नसावी. रंग कुठल्या मातीचा, खालचा गिलावा कसा, एका भिंतीवर किती जणांचे हात फिरलेत, हे त्यानं बोटांनी ओळखलं असणार. सरकारला मात्र यातून हवे होते नक्षीचे नमुने. छतावरची फुलं, पानं, हंस यांचा कुंड्यांवर आणि कापडावर उपयोग करता आला असता.

या प्रतींचं पुढं जे झालं ते वाचताना मला दर वेळी वाईट वाटतं. त्याआधी रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्यानं वर्षानुवर्षं अजिंठ्यात राहून केलेल्या प्रतींपैकी बहुतेक लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८६६ साली जळाल्या होत्या. ग्रिफिथ्सच्या विद्यार्थ्यांच्या कितीतरी प्रती १८८५ साली साऊथ केन्सिंग्टनच्या आगीत गेल्या. उरलं त्यावरून ग्रिफिथ्सनं १८९६-९७मध्ये दोन थोरले खंड छापले. त्यांची किंमत आणि आकार पाहता ते कुठल्या तालुक्याच्या शाळेत येणं शक्यच नव्हतं.

आता वहीतल्या साडेतीन पानांकडे परत येतो. त्यांत अजिंठ्याच्या लेण्यांचे क्रमांक आहेत, 'रेषेचे लालित्य' आहे, 'करुण रस' आहे. नाही ते एवढंच, की पाचव्या शतकातली ती उत्तम लेणी ज्या वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात कोरली आणि रंगवली गेली, त्या घराण्याची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे वाशीम. सोळावं लेणं हरिषेणाच्या वराहदेव नावाच्या मंत्र्यानं करवून घेतल्याचा लेख तिथल्याच भिंतीवर आहे. वाशीम आमच्या शेजारचा जिल्हा. सरांची सासुरवाडी वाशीमची होती! दर दिवाळीला ते त्या गावी जात आणि परत येऊन आम्हाला स्मरणचित्राला 'जत्रा' हा विषय देत. हे कोणी त्यांना एका ओळीत सांगितलं असतं, तर आमच्या वर्गात अजिंठा परदेशासारखा लांब राहिला नसता.

यात वऱ्हाडच्या कारभाराचाही हात आहे. आमचा जिल्हा १९०५पर्यंत वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई. १९०३मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला आणि राजधानी झाली नागपूर. १९५६ साली आम्ही मुंबई राज्यात आलो, १९६०ला महाराष्ट्रात, आणि १९६५ साली कला संचालनालय स्थापन झाल्यावर सगळीकडे कलाशिक्षणाचा एकच साचा. अर्धशतकाहून अधिक काळ आमच्याकडच्या मुलाची पहिली पायरी नागपूर आणि दुसरी मुंबई. ही वाट चालून गेलेला सर्वांत मोठा माणूस म्हणजे सय्यद हैदर रझा. ते मंडला भागातले, वनखात्यातल्या नोकरदाराचे चिरंजीव. १९३९ ते १९४३ नागपूर स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, आणि प्रांताच्या सरकारची शिष्यवृत्ती घेऊन मुंबईला पोचले तर जे.जे.च्या प्रवेशाची मुदत टळलेली. शिष्यवृत्ती गेली. रझा परत फिरले नाहीत. छपाईचे ब्लॉक करणाऱ्या एका स्टुडिओत नक्षीकाराची नोकरी धरली, रात्री चित्रं काढली, आणि नंतर जे.जे.त शिकले. १९५०ला ते पॅरिसला गेले. मी नागपूरहून परत फिरलो ते वय सोळा, आणि रझा मुंबईला गेले ते वय एकवीस. तुलना करण्याचा हा प्रकार हास्यास्पद आहे हे मला कळतं, तरी छापखान्यात बसून ती माझ्याकडून अनेकदा झाली आहे.

ब्लॉकचा हा धंदा दुय्यम समजण्याचं कारण नाही. जे.जे.त १९३५च्या सुमारास कमर्शियल आर्टचा विभाग निघाला. जाहिरात, वेष्टण, मुखपृष्ठ, अक्षर या गोष्टी शिकवण्यालायक आहेत, हे प्रथमच मान्य झालं. दिवाळी अंक हातात धरलेल्या वाचकाला हे पटवून द्यायला नको. १९०९ला काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, आणि पुढं दीनानाथ दलाल, रघुवीर मुळगावकर यांच्या चित्रांनी घराघरांत दिवाळी आली. खेड्यापाड्यांत ज्यांनी एकही कलादालन पाहिलं नव्हतं, त्यांच्या भिंतींवर कॅलेंडरांतून आणि मुखपृष्ठांतून चित्रं होती. आणि एलिमेंटरीच्या पेपरातलं अक्षरलेखन, ज्याला आम्ही सगळ्यांत कंटाळायचो, तेच मला बारा वर्षं जेवू घालत होतं. 'क'ची गाठ कुठं सुटते आणि शिरोरेषा किती जाड ठेवायची, हे मी सरांच्या छडीच्या धाकानं शिकलो होतो. ते देवनागरी अक्षर कोणत्या बोरूतून निघालं, हे मला चाळिशीत पुस्तकांतून कळलं.

हात आणि इतिहास एका छपराखाली आणण्याचा प्रयत्न महाराष्ट्राबाहेर, बडोद्याला, १९५०मध्ये विद्यापीठाच्या ललित कला विभागात झाला. तिथं चित्रकला विभाग ना. श्री. बेंद्रे सांभाळत होते, इंदूरचे मराठी माणूस. चित्र काढणारा मुलगा आणि चित्राचा इतिहास शिकणारा मुलगा तिथं एकाच आवारात वावरत. आमच्याकडे ते काम एकेकट्या माणसांनी केलं. सावनेर-नागपूरकडे वाढलेले द. ग. गोडसे हे त्यांतले थोर. नेपथ्य आणि मुखपृष्ठं करता करता त्यांनी 'पोत' लिहिलं, १९६३ला. मला ते यवतमाळच्या नगर वाचनालयात मिळालं, १९९८मध्ये, आणि मी ते तीन वेळा मुदत वाढवून ठेवून घेतलं. आपल्या आसपासचं दगड-माती-कापड पाहूनही इतिहास लिहिता येतो, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं.

आता परिस्थिती सुधारली म्हणावी, तर आठवीपर्यंतच्या शाळांत पटसंख्या शंभरावर असेल तरच कलेला अर्धवेळ निदेशक, असं शिक्षणहक्क कायद्याचं परिशिष्ट सांगतं. पोरं अजून परीक्षेला बसतात. इंटरमिजिएटच्या श्रेणीचे दहावीला वाढीव गुण मिळतात, हे त्याचं एक कारण.

वहीबद्दल एक सांगायचं राहिलं. ती मी कित्येक वर्षं पुढून वाचत होतो. गेल्या वर्षी शिवण उसवली म्हणून पुन्हा बांधायला घेतली, तेव्हा चिकटलेली मागची पानं सुटली. त्यांवर पेन्सिलीनं रेखाटनं आहेत. यवतमाळजवळच्या लोहाऱ्याच्या कमलेश्वराच्या देवळाचा खांब, मापांसकट, चुन्याशिवाय दगडावर दगड बसवल्याची खूण काढून. पोळ्याच्या बैलाच्या झुलीचे चार काठ. दिग्रसकडच्या तांड्यातल्या एका ओढणीवरचं आरशाचं आणि कवड्यांचं काम, टाका कसा घातला ते बाजूला मोठं करून. झरीकडच्या कोलाम पोडावरच्या एका कुडाच्या भिंतीची रंगरेषा. प्रत्येकाखाली गाव आणि तारीख. १९७४ ते १९८१. म्हणजे मी वर्गात ठोकळा काढत होतो, त्याच्या थोडंच आधीपर्यंत सर सुटीच्या दिवशी सायकलनं हे करत होते, आणि त्याला काय म्हणतात हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. आम्हाला त्यांनी ते दाखवलं नाही, कदाचित अभ्यासक्रमाबाहेरचं म्हणून.

एकूण अकरा ठिकाणं आहेत. मी प्रत पाठीला लावून आतापर्यंत सात पाहिली. चार जागी रेखाटन आणि वस्तू बरोबर जुळतात. एका देवळात खांबांना ऑइलपेंट दिलाय, त्यामुळे नक्षी हातानंच चाचपून घ्यावी लागली. दुसरीकडे जुना खांब काढून सिमेंटचा उभा केलाय, तेव्हा त्याची माप असलेली नोंद बहुधा सरांच्या वहीतच उरली आहे. ओढणी ज्या घरातली होती, त्या घरातल्या म्हातारीनं चित्र ओळखलं आणि ती आपल्या सासूची असल्याचं सांगितलं. ओढणी विकली गेली होती. राहिलेली चार गावं वणी आणि मारेगावच्या बाजूची आहेत. कापूस घरात आला, की रस्ते कोरडे होतात. तेव्हा जाणार आहे.